दुहेरीची जागा दुहेरीवाल्यांचीच

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या आयोजकांनी मिश्र दुहेरीचा पार कायापालट केला. मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात, फक्त दोन दिवसांत आणि १६ जोड्यांत सगळे उरकायचे, असे ठरले. सुरुवातीच्या फेऱ्यांत सेट चारच गेमचा. बक्षीस मात्र दहा लाख डॉलरचे. निम्म्या जोड्यांना थेट प्रवेश एकेरीच्या क्रमवारीवर आणि उरलेल्या निम्म्यांना वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने प्रवेश. अल्काराझ, जोकोविच, श्वीऑनटेक अशी एकेरीतली मोठमोठी नावे उतरली. आदल्या वर्षीचे विजेते सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी यांना वाइल्ड कार्ड मिळाले म्हणून ते कोर्टावर तरी आले. दुहेरी हाच ज्यांचा मुख्य खेळ, अशा बाकीच्या बहुतेक खेळाडूंना घरी बसून सामने पाहावे लागले.

अंतिम फेरीत एरानी-वावासोरी यांनी इगा श्वीऑनटेक आणि कॅस्पर रूड यांना ६-३, ५-७, १०-६ असे हरवले.

हा निकाल नीट वाचायला हवा. एका बाजूला एकेरीत सहा ग्रँड स्लॅम जिंकलेली खेळाडू आणि एकेरीत तीन ग्रँड स्लॅम अंतिम सामने खेळलेला खेळाडू. दुसऱ्या बाजूला प्रामुख्याने दुहेरीसाठी ओळखली जाणारी इटालियन जोडी. कोर्ट भरलेले, दिवे लागलेले, नियम एकेरीच्या ताऱ्यांना सोयीचे, तरीही चषक दुहेरीवाल्यांनीच नेला. ज्यांचे हे काम आहे त्यांनाच ते सर्वांत चांगले जमते, हे त्या रात्री हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. एवढे होऊनही टेनिसच्या कारभाऱ्यांनी बोध घेतला तो गर्दीचा. मोठी नावे आणली की तिकिटे खपतात, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले.

पुरुष दुहेरीवरही असाच प्रयोग व्हावा, असा सूर गेली काही वर्षे लागतो आहे. २०२४ मध्ये माद्रिदच्या मास्टर्स स्पर्धेत एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेने, दुहेरीचे वेळापत्रक आवळून पाहिले, दोन गुणांमधला वेळ कमी केला आणि एकेरीच्या खेळाडूंना दुहेरीत ओढण्याचा प्रयत्न केला. दुहेरीला प्रेक्षक कमी, ही तक्रार खोटी नाही. मागच्या कोर्टांवर भर दुपारी चाललेले दुहेरीचे सामने पन्नास-साठ माणसांसमोर होतात, हे कोणत्याही स्पर्धेत दिसते. पण त्यावर उपाय म्हणून दुहेरीवाल्यांच्या जागा काढून एकेरीवाल्यांना देणे अन्यायाचे आहे आणि खेळाच्या मुळावर येणारेही आहे. प्रेक्षक हवे असतील तर या खेळाडूंना लोकांच्या नजरेसमोर आणा. त्यांना तक्त्यातूनच बाहेर काढले तर दाखवायला उरणार काय?

मुळात दुहेरी म्हणजे दोघांनी मिळून खेळलेली एकेरी नव्हे. कोर्टाची लांबी तीच, ७८ फूट. रुंदी मात्र २७ फुटांवरून ३६ फूट होते. त्या वाढलेल्या नऊ फुटांत आणि नेटजवळ उभ्या असलेल्या दोन माणसांत खेळाचा सगळा हिशेब बदलतो. एकेरीत बेसलाइनवरून मारलेला उंच, फिरकीचा, खोल फटका हुकमी मानला जातो. दुहेरीत तोच फटका नेटवरच्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर आयता येतो आणि तो त्याचा तिथल्या तिथे फडशा पाडतो. इथे परतीचा फटका नेटला घासून जाईल इतका खाली आणि पुढे धावत येणाऱ्याच्या पायाशी पडावा लागतो. ही नजर आणि हा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो.

एखादा गेम ४०-४० वर आलेला असताना जवळून पाहावा. एटीपीच्या दुहेरीत तिथे ड्यूस नाही, अॅडव्हांटेज नाही. पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते. सर्व्हिस करणारा बेसलाइनवर चेंडू आपटतो आहे. त्याचा साथीदार नेटजवळ अगदी मधल्या रेषेवर, जवळजवळ उकिडवा बसला आहे, कारण सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जायची आहे. त्याचा डावा हात पाठीमागे आहे. आधी दोन बोटे दिसतात, मग मूठ मिटते. सर्व्हिस कुठे टाकायची आणि आपण कोणत्या बाजूला झेपावणार, हे त्या खुणेत ठरले. समोरच्याला ती दिसत नाही. त्याला एवढेच कळते, की चेंडू सुटताच हा बसलेला माणूस उठून डावीकडे किंवा उजवीकडे जाणार. सर्व्हिस मध्यरेषेच्या टोकावर पडते. परतवणाऱ्याने रॅकेट फिरवायच्या आत समोरची जागा बंद झालेली असते आणि मागची उघडी पडलेली असते. ती उघडी जागा त्याने हेरली, तर गेम त्याचा. नाही हेरली, तर व्हॉली दोन खेळाडूंच्या मधून निघून जाते. सगळा मामला दोन सेकंदांचा. कॅमेरा बेसलाइनच्या मागून त्या पाठीमागच्या हातावर नेला आणि समालोचकाने ती खूण समजावून सांगितली, तर घरी बसलेला माणूस चॅनेल बदलणार नाही. प्रक्षेपणात हे फार क्वचित घडते.

दुहेरीवाल्यांच्या पोटावर पाय देण्याचा प्रयत्न पहिल्यांदाच होतो आहे असेही नाही. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीचे सेट पाच गेमचे करायचे आणि पुढे काही वर्षांत दुहेरीचा प्रवेश मुख्यतः एकेरीच्या तक्त्यातल्या खेळाडूंपुरता ठेवायचा, असा बेत आखला होता. दुहेरीचे खेळाडू त्याविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. त्यात बॉब आणि माइक ब्रायन हे जुळे भाऊही होते. शेवटी तडजोड झाली. सेट सहा गेमचाच राहिला, ४०-४० ला एकच निर्णायक गुण आला आणि तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा सुपर टायब्रेक आला. त्या भांडणात खेळाडू हरले असते, तर ब्रायन बंधूंची १६ ग्रँड स्लॅम आणि एकूण ११९ विजेतेपदे यांतला मोठा भाग इतिहासात आलाच नसता. आज एकेरीचे चाहतेही त्या जोडीचे नाव आदराने घेतात.

जुन्या काळाचा दाखला नेहमी पुढे केला जातो. जॉन मॅकेन्रोने १९८१, १९८३ आणि १९८४ मध्ये विम्बल्डनची एकेरी जिंकली आणि त्याच तिन्ही वर्षी पीटर फ्लेमिंगबरोबर दुहेरीही जिंकली. मग आजच्या ताऱ्यांना काय झाले, असा प्रश्न येतो. उत्तर सरळ आहे. मॅकेन्रो एकेरीतही सर्व्हिस करून नेटवर धावायचा, त्यामुळे दोन्हीकडे लागणारी कला एकच होती. आजची एकेरी बेसलाइनवरची आहे, रॅली लांब आहेत, शरीर पिळून निघते, आणि पैसा एकेरीकडे ओढतो. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला २७ लाख पौंड मिळाले, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून साडेसहा लाख. असा हिशेब असताना एकेरीतल्या पहिल्या दहातल्या खेळाडूने दुहेरीसाठी घाम गाळावा, ही अपेक्षाच फोल आहे. तो आला तरी दोन फेऱ्यांपुरता येतो आणि एकेरीचा सामना लांबला की माघार घेतो. त्याच्यासाठी ज्याची जागा गेली, त्या खेळाडूच्या हातून मात्र आठवड्याची कमाई आणि क्रमवारीचे गुण दोन्ही निसटतात.

एक गोष्ट मात्र मान्यच करायला हवी. एकेरीचे खेळाडू मनापासून दुहेरीत उतरले, तर बहार येते. २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निक किर्गिओस आणि थानासी कोक्किनाकिस वाइल्ड कार्डवर आले आणि थेट अजिंक्य ठरले. मेलबर्नच्या प्रेक्षकांनी त्यांचे सामने एखाद्या फुटबॉल सामन्यासारखे दणाणून सोडले. माद्रिदच्या त्या प्रयोगातही एकेरीतल्या सेबॅस्टियन कॉर्डा आणि जॉर्डन थॉम्पसन यांनी विजेतेपद मिळवले, आणि त्याच थॉम्पसनने पुढे मॅक्स पर्सेलबरोबर अमेरिकन ओपनची दुहेरी जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नदाल आणि अल्काराझ एकत्र उतरले, तेव्हा जगाने त्यांची दुहेरी पाहिली. कोणीही दुहेरीचे दार एकेरीवाल्यांना बंद करा म्हणत नाही. आजच्या नियमांत एटीपीच्या स्पर्धेत जोडीला प्रवेश देताना एकेरीची क्रमवारीही धरली जाते आणि वर वाइल्ड कार्ड आहेतच. २५० दर्जाच्या स्पर्धेत मुळात १६ जोड्या. त्यात हे दार पुरेसे उघडे आहे. ते आणखी सताड उघडायचे म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ढकलायचे.

पॅरिसच्या त्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळाले ते ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डन आणि जॉन पीअर्स यांना. यातला एब्डन आपल्या ओळखीचा आहे. त्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकताना तो भारताच्या रोहन बोपण्णाच्या शेजारी उभा होता.

भारतीय वाचकाला तर हे सगळे जवळचे वाटायला हवे, कारण भारतीय पुरुष टेनिसचे गेल्या काही दशकांतले मोठे यश बहुतांशी दुहेरीतले आहे. १९६६ मध्ये भारत डेव्हिस कपच्या निर्णायक लढतीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियाकडून ४-१ असा हरला. तो एक गुण रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत मिळवला, तोही जॉन न्यूकोंब आणि टोनी रोश यांच्यासारख्या विम्बल्डन जिंकलेल्या जोडीला हरवून. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस आणि गौरव नाटेकर यांनी दुहेरीचे सुवर्ण जिंकले. १९९९ मध्ये पेस आणि महेश भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि त्यांनी फ्रेंच ओपन व विम्बल्डन जिंकले. डेव्हिस कपमध्ये या दोघांनी ओळीने २४ दुहेरी सामने जिंकले. पुढे दोघांत वितुष्ट आले आणि त्याचीच चर्चा खेळापेक्षा जास्त झाली, ही आपल्या क्रीडा पत्रकारितेलाही शोभणारी गोष्ट नव्हती.

बोपण्णाची कहाणी तर दुहेरीच्या बाजूने उभा केलेला सर्वांत मोठा साक्षीदार आहे. २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर तो अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेला आणि ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकमध्ये हरला. त्यानंतर पुरुष दुहेरीचे पहिले ग्रँड स्लॅम हाती यायला जानेवारी २०२४ उजाडला. मेलबर्नला एब्डनच्या साथीने त्याने सिमोने बोलेल्ली आणि वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असे हरवले. पहिल्या सेटचा टायब्रेक ७-० असा जिंकला. (हाच वावासोरी पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला मिश्र दुहेरीचा चषक राखणार होता.) बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि त्याच वेळी तो दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला, एवढ्या वयात पहिल्यांदा अव्वल होणारा दुसरा कोणी नव्हता. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीच्या योगाभ्यासाने आपण खेळत राहू शकलो, हे त्याने वारंवार सांगितले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. प्रवेश एकेरीच्या क्रमवारीवर ठरला असता तर? एकेरीत तो कधीही पहिल्या दोनशेत आला नाही. म्हणजे त्या नियमाखाली ही सगळी कहाणी सुरूच झाली नसती.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो भारतातल्याच जाणकारांकडून येतो. दुहेरीतली सोय पाहून आपले खेळाडू लवकर एकेरी सोडतात, म्हणून एकेरीत आपण मागे राहिलो, असे त्यांचे म्हणणे आहे. ग्रँड स्लॅम एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठणारा शेवटचा भारतीय पुरुष रमेश कृष्णन, आणि तेही १९८७ मध्ये, ही गोष्ट बोचतेच. पण दोष दुहेरीचा नाही. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार विजेता होता, २०१८ मध्ये एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत चढला. त्यानंतर गुडघ्याने दगा दिला. तो दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनसबरोबर अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. दुहेरी नसती तर भांबरी एकेरीत पुन्हा वर आला नसता. तो टेनिसमधूनच गेला असता. एकेरीत मागे पडण्याची कारणे प्रवासाचा खर्च, परदेशी स्पर्धांच्या अनुभवाचा अभाव, चांगल्या प्रशिक्षकांची टंचाई आणि तंदुरुस्तीकडे उशिरा जाणारे लक्ष यांत आहेत. ती दुहेरीच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. चेन्नईहून पुण्याला आलेली एटीपी २५० स्पर्धा बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा झाली. २०२१ चे वर्ष कोविडने गिळले. या पाच वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीत एकही भारतीय पोहोचला नाही. दुहेरीत मात्र २०१९ मध्ये बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावूनही सामना १०-६ च्या सुपर टायब्रेकने खेचून आणला, आणि २०२३ मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन उपविजेते ठरले. पाचपैकी तीन अंतिम सामन्यांत भारतीय जोडी! यजमानांनी त्या आठवड्याचा चेहरा म्हणून या जोड्यांचीच पोस्टरे शहरभर लावायला हवी होती. आपल्या क्रीडापानांवर मात्र दुहेरीचा निकाल बहुधा एकेरीच्या बातमीच्या शेपटीला लागतो, आणि साथीदाराचे नावही कधी कधी गळते.

ती स्पर्धा पुण्यातून गेली. देशात एटीपी टूर दर्जाची एकही पुरुष स्पर्धा उरली नाही. बालेवाडीत २०२४ आणि २०२५ मध्ये महा ओपन ही चॅलेंजर स्पर्धा झाली. चॅलेंजर लहान असते, पण तिथेच दुहेरीच्या जोड्या घडतात. अशा स्पर्धांत दुहेरीचा अंतिम सामना बहुधा शनिवारी, एकेरीच्या उपांत्य सामन्यांच्या गर्दीत उरकला जातो. रविवारी पारितोषिकांच्या वेळी मान्यवर येतात, तेव्हा दुहेरीचे विजेते पुढच्या गावच्या विमानात बसलेले असतात.

हे बदलायला कोणा जागतिक संघटनेची परवानगी मागायची गरज पडणार नाही. वेळापत्रकाचा मोठा भाग स्थानिक आयोजकांच्याच हातात असतो. दुहेरीचा अंतिम सामना रविवारी, मुख्य कोर्टावर, एकेरीच्या अंतिम सामन्याच्या लगोलग आधी ठेवावा. आठवड्यात निदान दोन संध्याकाळी दिवसाचा शेवटचा सामना दुहेरीचा असावा, म्हणजे कचेरी सुटल्यावर येणाऱ्यालाही तो पाहता येईल. शाळांच्या आणि क्लबांच्या मुलांना त्या सामन्याला फुकट बसवावे आणि सामन्यानंतर जोडीने मुलांना नेटवरच्या त्या खुणा शिकवाव्यात. शहरातल्या बहुतेक क्लबांत रविवारी सकाळी प्रौढ मंडळी दुहेरीच खेळतात. त्यांना हा खेळ समजतो, फक्त त्यातले सर्वोत्तम लोक त्यांना कोणी दाखवत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याचा अर्जुन कढे आणि त्याचा साथीदार रित्विक बोल्लिपल्ली यांनी कझाकस्तानात अल्माटी ओपन जिंकले. पहिला सेट हरले, दुसरा टायब्रेकमध्ये घेतला आणि सुपर टायब्रेक १४-१२ असा जिंकला. एटीपी टूरवरचे कढेचे ते पहिले विजेतेपद. हा मुलगा बालेवाडीत पुन्हा उतरेल, तेव्हा त्याचा सामना दुपारी दोन वाजता मागच्या कोर्टावर लावू नका. संध्याकाळी सातला, मुख्य कोर्टावर लावा.